चोवीस पावलांचा हिशेब

खेळाच्या सरांचा पाय मुरगळला आणि चौदा वर्षांखालच्या मुलांचा रिले संघ माझ्या गळ्यात पडला. मी गणिताचा. माझी धाव स्टाफरूम ते वर्ग, तीही घंटा झाल्यावर. पण मुख्याध्यापिका म्हणाल्या, "शेवटी काळ-काम-वेगच ना, सर!" यावर गणिताचा माणूस काय बोलणार?

चारही मुलं एका वयोगटातली, म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात एकाला मिसरूड फुटलेलं, दुसरा बालवाडीतून आत्ताच सुटल्यासारखा, तिसऱ्याचा आवाज "हजर" म्हणताना दोन मजले चढून उतरायचा. चौथा नुसता गुणी. या वयाचं गणितच वेगळं. मुली साधारण बाराव्या वर्षी झपाट्याने उंच होतात, मुलगे चौदाव्याच्या आसपास, आणि त्या एका वर्षात पोरगं 9-10 सेंटिमीटर वाढू शकतं. त्यातही आधी तळपाय, मग तंगड्या, धड सगळ्यांत शेवटी. आपले पाय आज कुठवर पोचतात हे ज्यांचं त्यांनाच ठाऊक नाही, त्यांना मी वळणावर पळायला शिकवत होतो. मिसरूडवाला तर चालतानाही बाकाला अडखळायचा.

रिलेत पळण्यापेक्षा बॅटन देणं-घेणं अवघड. चार गुणिले शंभरच्या शर्यतीत त्यासाठी 30 मीटरचा पट्टा असतो. त्याबाहेर बॅटनची देवघेव झाली की संघ बाद. म्हणून घेणारा आपल्या जागेपासून मागे, टाचेला चवडा लावत, पावलं मोजून जमिनीवर खूण करतो. देणारा खुणेवर आला की यानं सुटायचं. तीन आठवडे घासून आम्ही चौथ्याची खूण पक्की केली. 24 पावलं. मी ती वहीत लाल शाईने लिहिली, खाली दोन रेघा मारल्या.

स्पर्धेच्या दिवशी मी मुलांना तीनदा सांगितलं, "हरलात तरी चालेल." तिसऱ्यांदा सांगताना माझाच घसा बसला. बालवाडीवाल्याने मुकाट्याने पाण्याची बाटली पुढे केली.

तिघं काय पळाले! आम्ही चक्क दुसरे होतो. आणि चौथा भलताच लवकर सुटला. मागून तिसरा दोन्ही मजल्यांवरून किंचाळला, "अरे थांब!" आणि हे गुणी बाळ खरंच थांबलं. पट्ट्याच्या आत, वळून, उजवा हात पुढे करून. बाद झालो नाही. आठांत आठवे आलो.

खूण बघायला गेलो तर ती पार मागे. मग त्याच्या पायांकडे लक्ष गेलं. नवे कोरे बूट! आईने खास शर्यतीसाठी घेतलेले, अर्थातच वाढत्या अंगाचे, पुढे कापसाचे बोळे कोंबून. जुन्यांपेक्षा 3 सेंटिमीटर लांब. 24 गुणिले 3, बहात्तर सेंटिमीटर. एकक लिहिलं नाही म्हणून मी वर्षभर पोरांचे गुण कापतो, आणि माझ्या वहीत नुसतं 'पावलं'. कोणत्या बुटातली, पत्ता नाही.

तो जवळ आला, खाली बघत म्हणाला, "सर, पुढच्या वर्षी बरोबर बसतील."