पाचशे रुपयांचं जंगल

दहावीच्या ग्रुपवर रविवारी रात्री एकाने लिहिलं, "बोरिवलीच्या नॅशनल पार्कचं तिकीट ५०० रुपये करा. स्पीकर, वेफर्सची पाकिटं आणि ती सगळी पब्लिक आपोआप बंद होईल." खाली धडाधड अंगठे. त्यातला एक अंगठा अशा मैत्रिणीचा, जी माझ्या शेजारी पार्कातल्या वनराणी या छोट्या आगगाडीत बसून वेफर्स खायची आणि रिकामं पाकीट गाडीबाहेर सोडायची. पाकीट उडत कुठपर्यंत जातं, हे आम्ही दोघी मान वळवून बघायचो. इथे लंडनला संध्याकाळचे पाच वाजले होते, सिंकमध्ये भांडी पडली होती. ती तशीच ठेवून मी उत्तर लिहायला बसले.

लिहिलं, "आमच्याकडे रिचमंड पार्कला तिकीटच नाही. ९५५ हेक्टर, सहाशेच्या वर हरणं, चारी बाजूंनी भिंत आणि आत कोणीही यावं."

त्याचं उत्तर लगेच आलं, "आमच्याकडे म्हणजे कुठे?"

त्याकडे मी दुर्लक्ष केलं आणि जॉन लुईसची गोष्ट सांगितली. पहिल्या चार्ल्स राजाने १६३७ मध्ये शिकारीसाठी ही जमीन भिंत घालून बंद केली, पण लोकांची जुनी वाट मोडली नव्हती. पुढे दुसऱ्या जॉर्जची मुलगी अमेलिया पार्कची अधिकारी झाली आणि तिने ठरवलं की आत आपली माणसं सोडून कोणी नको. ही त्या काळातली ५०० रुपयांची पाटीच. लुईस हा रिचमंडमधला बिअर गाळणारा माणूस. तो दारावर गेला, ढकलून बाहेर काढला गेला, आणि त्याने दारवानावर खटला भरला. १७५८ मध्ये जिंकला. दार हवं की भिंतीवरून शिडी, असं विचारल्यावर त्याने शिडी मागितली. दाराला कधीतरी कडी लागणारच, हे त्याला कळत होतं. तर पार्कवाल्यांनी शिडीच्या पायऱ्या मुद्दाम लांब लांब ठेवल्या! तो पुन्हा न्यायाधीशांकडे गेला आणि म्हाताऱ्या बायकांनाही चढता येईल अशी शिडी घेऊनच थांबला.

ग्रुपवर कोणी वाचलं की नाही, देव जाणे. कोणीतरी 'शुभ रात्री'चं कमळ टाकलं.

पण माझा राग गेला नाही. ५०० रुपये कोण देणार? ज्यांच्या गॅलरीतून ते जंगल आयुष्यभर फुकट दिसतं, ते. बोरिवलीतले बिल्डर 'पार्क व्ह्यू' म्हणून वरचे पैसे घेतात ते याच जंगलाचे. आणि चाळीतला माणूस सहा जणांना घेऊन रविवारी पार्कातल्या कान्हेरी लेण्यांपर्यंत चढला, सातवाहनांच्या काळापासूनच्या त्या पाण्याच्या टाक्यांत पोरांनी डोकावून आपलाच आवाज ऐकला, तर तो मात्र गोंगाट. पावसाळ्यात कान्हेरीच्या कातळातून पन्हळींनी पाणी टाक्यांत कसं उतरतं, हे बघायला एक दुपार पुरते. त्याला पैसे लावायचे?

गोंगाटाचा इलाज नियमाने होतो. इथे रिचमंडला मे ते जुलै कुत्र्याला साखळी लागते, कारण हरणांची पाडसं गवतात असतात. चूल पेटवायची नाही, अळंबी खुडायची नाही, हरणापासून पन्नास मीटर लांब. बाकी हवं तिथे लोळा. आठ आठ मैल चालून एक फ्लॅट व्हाइट कॉफी पिऊन घरी जाणारी माणसं इथे आहेत. काहीही न करता जंगलात बसून राहणं मी इथे शिकले.

शिकले म्हणजे मला शिकवलं गेलं. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही आठ जण रिचमंड पार्कातल्या पेम्ब्रोक लॉजच्या उतारावर गेलो होतो. सतरंजी, दशम्या, बॅट, आणि फोनवर गाणी. एक बाई कुत्रं घेऊन गेल्या आणि आमच्याकडे बघून हसल्या. ते हसू ज्यांना मिळालंय त्यांना कळेल. गाणी बंद झाली. गेल्या बँक हॉलिडेला त्याच उतारावर एक कुटुंब बसलं होतं, फोनवर लागलेलं गाणं मला पाठ होतं, आणि मी जाता जाता त्यांच्याकडे बघून अगदी तस्सं हसले. हे ग्रुपवर लिहिलं नाही.

रिचमंडमध्ये आपल्याकडचेच हिरवे पोपट आहेत, थव्याने. ओकच्या ढोलीत घरटी करतात. एक आजोबा मला म्हणाले, हे बाहेरून आले आणि इथल्या पक्ष्यांच्या जागा बळकावून बसले. मी मान हलवली. हेही लिहिलं नाही.

तेवढ्यात ग्रुपवर त्या पाचशेवाल्याने विचारलं, "तुझ्या पार्कात बिबट्या आहे का?"

नाही. तिथेच माझं घोडं अडलं. इथे हरणांना खाणारं कोणीच नाही, म्हणून नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत रात्री दरवाजे बंद करून पार्कचीच माणसं त्यातली काही गोळी घालून कमी करतात. बोरिवलीत ते काम बिबट्या करतो, बिनपगारी. शंभर चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं जंगल, त्याच्या पोटात मुंबईला पाणी देणारे विहार आणि तुळशी तलाव. त्यात दहा रिचमंड मावतील. तिथल्या पाड्यांवरच्या वारल्यांना तर 'पार्कचा आनंद कसा घ्यावा' हा प्रश्नच पडत नसेल. १९९७ च्या कोर्टाच्या आदेशानंतर हद्दीतल्या झोपड्या हटवल्या गेल्या, तेव्हा त्यांना पडलेले प्रश्न वेगळे होते. राजाच्या शिकारखान्याशी मी त्याची तुलना करत होते, कारण मला तेवढंच ठाऊक आहे. इथला कुठला ओक पोकळ आहे, ते मी अंधारातही सांगेन. बोरिवलीच्या जंगलातली शिलोंड्याची वाट मी पाहिलेली नाही.

बोरिवलीच्या डोंगरावरची कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ ला ग्रुपवर जांभळ्या डोंगराचे फोटो आले, २०२४ ला पुन्हा. दोन्ही वेळा मी "मिस करतेय" असं लिहून रडका चेहरा टाकला. परवा सहज हिशेब केला. त्याच्या आधीची कारवी फुलली तेव्हा मी बोरिवलीतच होते, गेटपासून मिनिमम भाड्याच्या रिक्षेवर. व्हिसाचे कागद गोळा करत होते. डोंगर जांभळा झालाय, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी मान वर करून बघितलं नाही.

भांडी रात्री साडेदहाला घासली. सकाळी त्याचा वेगळा मेसेज होता, ग्रुपवर नाही, फक्त मला. "डिसेंबरात येतेस ना? जाऊया. सोमवारी सकाळी सहाला गेटवर ये, तिकीट मी काढतो. पाचशे झालं असलं तरी."

सोमवारी बंद असतं, मी लिहिलं.