दाट बोर्डाची तपासणी: ‘कॅमेरा लावा, शेवटी चालवून बघा’ एवढं पुरत नाही

इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनातल्या मंडळींमध्ये एक सल्ला हातोहात फिरतोय: ‘बोर्ड इतके दाट झालेत की टेस्ट पॉइंटला (चाचणीची सुई टेकवायच्या ठिकाणाला) जागाच नाही. आयसीटीचे (सुया टेकवून एकेक भाग मोजणाऱ्या विद्युत चाचणीचे) दिवस संपले. लाइनवर एओआय (कॅमेऱ्याने आपोआप होणारी तपासणी) लावा, शंका आली तर एक्स-रे काढा आणि शेवटी बोर्ड चालवून बघा.’ यावर विसंबून लेआउट पक्का केला की नंतर सुधारायला फारसा वाव राहत नाही, म्हणून हा सल्ला मुद्द्या-मुद्द्याने तपासायलाच हवा.

‘जागा नाही, म्हणून विद्युत चाचणी नाही.’ यातलं अर्धं खरं आहे. बेड ऑफ नेल्स फिक्स्चरचे, म्हणजे आयसीटीत बोर्ड ज्यावर दाबतात त्या सुयांच्या साच्याचे, प्रोब २.५४ मिमी अंतरावर निवांत बसतात. १.२७ मिमीपर्यंतही आणता येतात, पण ते नाजूक आणि महाग पडतात. ०.४ मिमी पिचच्या (जोडांमधल्या अंतराच्या) बीजीएखालच्या, म्हणजे पोटाखाली सोल्डरच्या गोळ्यांचे जोड असलेल्या चिपखालच्या, प्रत्येक नेटला (विद्युत जोडणीला) टेस्ट पॅड देणं शक्यच नाही. पण प्रत्येक नेटला पॅड हवाच कशाला? आयईईई ११४९.१ हे बाउंडरी स्कॅनचं मानक १९९० साली आलं ते याच अडचणीवर उपाय म्हणून. बाउंडरी स्कॅन असलेल्या चिपमध्ये पिनांपाशीच तपासणीचे सेल असतात. टीसीके, टीएमएस, टीडीआय आणि टीडीओ या चार सिग्नलांवरून एका चिपच्या पिनवर पातळी ठेवायची आणि दुसऱ्या चिपच्या पिनवर ती वाचायची. बीजीएखालचा सुटलेला किंवा शॉर्ट झालेला जोड असा सापडतो, आणि तो कोणत्या नेटवर आहे हेही कळतं. मग पॅड राखायचे ते पॉवर रेल, रीसेट, क्लॉक आणि अ‍ॅनालॉग भागासाठी. लॉट लहान असेल तर फ्लाइंग प्रोब, म्हणजे फिरत्या सुयांची चाचणी, आहेच. त्याला फिक्स्चर लागत नाही, मात्र एकेका बोर्डाला वेळ बराच जातो.

‘एओआयला सगळं दिसतं.’ भाग गायब आहे, उलटा बसलाय, सरकलाय, एका टोकावर उभा राहिलाय, हे एओआय झटपट पकडतं. ०१००५ आकाराचा भाग जेमतेम ०.४ × ०.२ मिमीचा, तिथे माणसाच्या डोळ्यावर भिस्त ठेवता येत नाही. पण बीजीएच्या पोटाखाली कॅमेरा पोचत नाही, आणि उंच भागाच्या आडोशाला असलेले जोडही निसटतात.

‘मग एक्स-रेने सगळं उघड होईल.’ बीजीएखालचे शॉर्ट आणि पोकळ्या दिसतात, हे खरं. हेड-इन-पिलो हा दोष मात्र फसवतो. रिफ्लोमध्ये, म्हणजे भट्टीत सोल्डर वितळवताना, चिपचं पॅकेज वाकतं, गोळी सोल्डर पेस्टपासून उचलली जाते, दोन्ही वेगवेगळे वितळतात आणि पुन्हा टेकतात, पण एकजीव होत नाहीत. सरळ वरून घेतलेल्या चित्रात असा जोड चांगल्या जोडासारखाच गोल दिसू शकतो. त्याला तिरकस कोन किंवा थरांची प्रतिमा लागते. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना भाग असतील तर साध्या चित्रात ते एकमेकांवर चढतात, तो गोंधळ वेगळाच.

‘चाललं म्हणजे झालं.’ मला सर्वांत घातक वाटतो तो हा मुद्दा. हेड-इन-पिलोचा टेकलेला जोड टेबलावर वीज वाहून नेतो आणि बोर्ड गाडीत बसवल्यावर उष्णता-थरथराटाने सुटतो. एकाच पॉवर रेलवर समांतर लावलेल्या डीकपलिंग (पुरवठा स्थिर ठेवणाऱ्या) कपॅसिटरांपैकी एक गायब असला तरी बोर्ड बूट होतो. इथे आयसीटीसुद्धा सहसा हात टेकतं, कारण त्याला एकत्रित कपॅसिटन्स मोजायला मिळतो. तो गायब कपॅसिटर पकडतो एओआयच. म्हणूनच पद्धत निवडताना आधी दोषांची यादी मांडावी आणि कोणता दोष कोण पकडणार ते त्यापुढे लिहावं. शिवाय फंक्शनल टेस्ट (बोर्ड चालवून बघण्याची चाचणी) नापास झाली की कळतं ते एवढंच, की बोर्ड चालू होत नाही. मग दुरुस्तीवाला अंदाजाने बीजीए उपटतो, आणि दर तापवणीला बोर्डाचं आयुष्य घटतं.

या सल्ल्यात एसपीआयचं, म्हणजे छापलेल्या सोल्डर पेस्टच्या तपासणीचं, तर नावच नाही. पेस्ट कमी पडल्याचं छपाईनंतर लगेच कळलं तर बोर्ड धुऊन पुन्हा छापता येतो. रिफ्लोनंतर त्याच चुकीसाठी भाग काढावा लागतो.

टेस्ट इंजिनिअरला बोलवायचं ते स्कीमॅटिकवर चर्चा चालू असताना. कोणत्या चिपना बाउंडरी स्कॅन आहे, त्यांच्या बीएसडीएल फाइली (चिपमधल्या बाउंडरी स्कॅनचं वर्णन) मिळतात का, त्या चिपना जोडणारी साखळी कनेक्टरपर्यंत आली का, हे तेव्हाच विचारावं. थोडी जागा वाचवायला ते चार सिग्नल लेआउटमध्ये सोडून दिले, तर तयार होऊन आलेल्या बोर्डावर ते बाहेर काढायला जागा सापडत नाही.