तारीख तेवढी विचारू नका

"भरतीचं काय झालं गं?" असं ज्यांना ज्यांना मला विचारायचंय, त्या सगळ्यांसाठी एकदाच लिहून ठेवते. म्हणजे लग्नात, बारशात, वर्षश्राद्धाच्या पंगतीत पुन्हा हा विषय नको. शिक्षक भरतीचं काहीही झालेलं नाही. परीक्षा झाली, मार्क बरे आहेत, कागदपत्रं भरतीच्या 'पवित्र' पोर्टलवर चढवून झाली. पण "मग ऑर्डर कधी?" याचं उत्तर माझ्याकडे नाही, जिल्हा परिषदेतल्या क्लार्ककडे नाही, आणि पैज लावून सांगते, मंत्रालयात बसलेल्यांकडेही नाही.

आणि कृपा करून "अभ्यास वाढव" असं सांगू नका. अभ्यास हा या प्रकरणातला सगळ्यात सोपा भाग आहे.

आमच्या काकांना अजून वाटतं, डीएड झालं की घरी ऑर्डर येते. काका, ते दिवस गेले. आता डीएड करा, मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा द्या. 150 मार्कांची, खुल्या प्रवर्गाला 90 लागतात. पहिली ते पाचवीला एक पेपर, सहावी ते आठवीला दुसरा. ती पास झालात म्हणजे तुम्ही शिक्षक व्हायला पात्र, शिक्षक नव्हे. मग टेट, म्हणजे भरतीसाठीची अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी. नावं एवढी सारखी की घरच्यांना अजून कळत नाही मी नक्की कुठली परीक्षा किती वेळा देतेय. टेटला 200 प्रश्न आणि 120 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद. 36 सेकंदांत नळ-टाकीचं गणित सोडवता आलं म्हणजे बाई पहिलीतल्या रडणाऱ्या पोराला गप्प करून अक्षर गिरवायला बसवू शकते, असा शासनाचा ठाम विश्वास आहे. जिल्हा परिषदेच्या या सगळ्या निवडीत एकदाही, एकदाही कोणी मला फळ्यासमोर उभं करून बघत नाही. दहा मिनिटं एखाद्या वर्गात सोडा मला, काय ते कळेल. पण नाही. 36 सेकंद.

बरं, ही टेट तरी वेळच्या वेळी व्हावी! पहिली झाली डिसेंबर 2017 मध्ये. दुसरी? फेब्रुवारी 2023. मधे पाच वर्षं काही नाही. करोना होता, मान्य, पण 2018 आणि 2019 ला काय होतं? खुल्या प्रवर्गाला वयाची अट 38, मागासवर्गीयांना 43. ती घड्याळं मात्र त्या पाच वर्षांत थांबली नव्हती. माझी थोरली मावसबहीण 2010 च्या शिक्षक भरतीच्या सीईटीनंतर डीएड करून बाहेर पडली. तिच्या वेळी वर्षानुवर्षं भरतीच नव्हती. आज ती शिवणकाम करते, आणि गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेते, फुकटात म्हणाव्या अशा पैशात. ती पोरं पटापट वाचतात. तिच्या शिकवण्याबद्दल कोणाला तक्रार नाही, फक्त तिचं वय झालं.

तिसरी टेट 2025 च्या मे-जूनमध्ये झाली. ऑनलाइन परीक्षा, शेवटचं बटण दाबलं की उत्तरं त्यांच्या मशीनमध्ये. निकाल ऑगस्टमध्ये.

आता कागदपत्रांवर येते, कारण खरं डोकं तिथं फिरतं.

मी लग्न झालेली बाई आहे. एवढाच माझा गुन्हा. दहावी-बारावी आणि डीएडच्या गुणपत्रकांवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि टीईटीच्या प्रमाणपत्रावर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' कमी. मग विवाह नोंदणीचा दाखला आणा, राजपत्रात नावबदल छापून घ्या, वर प्रतिज्ञापत्र की या तिन्ही बाया म्हणजे मीच. पुरुष उमेदवाराला यातलं एकही करावं लागत नाही. त्याचं लग्न झालंय की नाही हे त्याच्या गुणपत्रकाला कळतसुद्धा नाही.

आणि नॉन-क्रीमिलेअर, म्हणजे आरक्षणासाठी लागणारा उत्पन्नमर्यादेचा दाखला! इथे आमच्या तालुक्याच्या सेतूत गेले, तर तिथला पोरगा मान वर न करता म्हणाला, "ताई, वडलांच्या उत्पन्नाचं लागतं. नवऱ्याचं चालत नाही. माहेरच्या तहसीलला जा." म्हणजे एसटीनं माहेर गाठा. वडील गुडघ्यांनी बेजार, त्यांना रिक्षात घालून तलाठ्याकडे. तलाठी साहेब पंचनाम्याला गेलेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग सेतू, मग "सर्व्हर डाऊन आहे, चार दिवसांनी मेसेज येईल". मेसेज आला तो "त्रुटी" असा. त्रुटी कसली? उत्पन्नाच्या दाखल्यावर वडलांच्या नावात मधलं नाव आधी आणि आडनाव नंतर, रेशनकार्डावर उलटं. मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं, "मॅडम, हा माणूस तुमच्यासमोर बसलाय, तोच आहे ना हा?" तर म्हणाल्या, "आम्हाला माणूस दिसत नाही हो, कागद दिसतो." एवढं खरं मला त्या दिवसभरात दुसऱ्या कोणी सांगितलं नाही. रागच येईना त्यांचा. त्यांच्यापुढे माझ्यासारख्या वीस जणी उभ्या होत्या आणि पंखा बंद.

आणि एवढं करून मिळालेल्या दाखल्यावर मुदत छापलेली, 31 मार्च. प्रत्येक कागदाला तारीख. माझ्या जन्माची तारीख, जातीच्या दाखल्याची तारीख, फॉर्म भरायची शेवटची तारीख, ती चुकली की तुम्ही बाद. सगळ्या तारखा आम्ही द्यायच्या आणि आम्हीच पाळायच्या. त्यांच्या बाजूनं येतं ते "यथावकाश". "लवकरच". "बिंदुनामावली तपासणीचं काम प्रगतिपथावर आहे".

बिंदुनामावली म्हणजे कुठल्या प्रवर्गाची किती पदं भरली, किती रिकामी, त्याचा हिशोब. तो कार्यालयात कायम तयार असायला हवा की नको? किराणा दुकानदारसुद्धा रोज रात्री वही मिटवतो. इथे प्रत्येक भरतीला नव्यानं तपासणी, मग संचमान्यता, म्हणजे पटावरून शाळेची पदं ठरवणं, मग विद्यार्थ्यांची आधार पडताळणी, मग अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन, मग कोणीतरी कोर्टात. 2024 मध्ये कळस झाला. फेब्रुवारीत पहिली यादी लागली, लोकांनी पेढे वाटले, तोवर मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता. ती संपते न संपते तोच काही भागांत विधान परिषदेच्या निवडणुकीची. आणि ती निवडणूक कुठल्या मतदारसंघाची? शिक्षक मतदारसंघाची! शिक्षकांचा आमदार निवडायचा म्हणून शिक्षकाची ऑर्डर थांबणार. हे मी रचून सांगत नाही.

पोर्टलवरच्या प्राधान्यक्रमांबद्दल लिहायला घेतलं तर रात्र जाईल. लांबलचक यादी, प्रत्येक संस्थेपुढे क्रमांक टाकायचा. कोपऱ्यातल्या तालुक्यातली, आयुष्यात नाव न ऐकलेली शाळा वर घ्यायची की खाली, यावर घरात भांडणं. सासूबाई म्हणतात जवळचं टाक, नवरा म्हणतो मिळेल ते टाक. एकदा लॉक केलं की संपलं. शेवटच्या रात्री पान उघडेना, ते गोल चिन्ह आपलं फिरतंय, फिरतंय. ओटीपी आला तो सत्र संपल्यावर. हेल्पलाइनचा फोन व्यस्त. त्या वेळी भरतीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकतं, "पहाटे चारला करा, तेव्हा चालतं". आणि खरंच पहाटे चारला चालतं! राज्यभरातले भावी गुरुजी पहाटे चारला मोबाईल घेऊन बसलेले.

या ग्रुपांचं आणि यूट्यूबवरच्या भाऊ लोकांचं वेगळंच. रोज लाल अक्षरात "शिक्षक भरती : आत्ताची सर्वात मोठी बातमी". उघडून बघा, आत काही नाही. एका आमदारानं कोणालातरी निवेदन दिल्याचा फोटो. पण मी उघडते. आम्ही सगळे उघडतो. अधिकृत माणूस बोलत नसला की ज्याला त्याला देव मानायची वेळ येते.

खासगी अनुदानित संस्थांचा रस्ता वेगळा. तिथे पोर्टलवरून नावं जातात आणि संस्था मुलाखत घेते. मीही गेले होते एकीकडे, नाव घेत नाही. पाठ चांगला झाला, पोरं रमली होती, मागे बसलेल्या बाई मान डोलवत होत्या. बाहेर आल्यावर एका गृहस्थांनी बाजूला घेऊन चहा पाजला आणि विचारलं, "घरची परिस्थिती कशी काय आहे?" मला आधी वाटलं सहानुभूती आहे. मग म्हणाले, "बाकीचे उमेदवारही हुशारच आहेत, संस्थेला इमारतीचं काम काढायचंय." मी चहाचे पैसे टेबलावर ठेवून निघाले. घरी सांगितलं तर पहिला प्रश्न, "किती म्हणत होता?"

घोटाळे तर आहेतच. 2019-20 च्या टीईटीत सात हजारांवर उमेदवारांचे निकाल पैसे घेऊन फिरवल्याचं निघालं, परीक्षा परिषदेच्या तेव्हाच्या आयुक्तांनाच डिसेंबर 2021 मध्ये पोलिसांनी अटक केली. त्यानंतर तपासणी कोणाच्या प्रमाणपत्रांची वाढली? आमच्या. 2025 मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं, म्हणजे शिक्षकांच्या पगारासाठीच्या सरकारी नोंदणी क्रमांकांचं प्रकरण उघडकीला आलं, मागच्या तारखा टाकून नेमणुका दाखवल्याचे आरोप झाले. वाचून हसावं की रडावं कळेना. ज्यांनी पैसे मोजले त्यांना मागची तारीख मिळते, आणि ज्यांनी अभ्यास केला त्यांना पुढची मिळत नाही.

पगाराचं ऐका. एवढं सगळं पार करून निवड झालीच, तर तीन वर्षं शिक्षण सेवक. मानधन 16,000 रुपये, तेही 2023 पासून. त्याआधी 6,000 होतं. त्याच 2023 च्या जुलैमध्ये शासनानं काढलं की रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना कंत्राटी घ्या, महिना 20,000. पेन्शन चालू असलेल्या गुरुजींना 20,000 आणि तीन चाळण्यांतून आलेल्या तरुण पोरीला 16,000. गुरुजींवर माझा राग नाही, त्यातल्या काहींनी मला शिकवलंय. पण त्यांना बोलवायला परीक्षा लागली नाही, पोर्टल लागलं नाही, बिंदुनामावली आडवी आली नाही. म्हणजे शाळेत माणूस पटकन द्यायचा ठरवला तर देता येतो! 2024 च्या शिक्षकदिनी तर आणखी एक निर्णय काढला, 20 किंवा कमी पटाच्या शाळांत एक शिक्षक कंत्राटी, 15,000 वर. पुढे तो गुंडाळला, पण शुभेच्छा पोचल्या.

आणि तिकडे शाळा? माझ्या सासरच्या गावापासून जवळच्याच वस्तीवर पहिली ते चौथीला एक मास्तर आहे. एकच. ते ऑनलाइन माहिती भरतात, पोषण आहाराचा तांदूळ मोजतात, बीएलओ म्हणून मतदारयाद्या करतात, आणि वेळ उरला तर शिकवतात. मीटिंगला तालुक्याला गेले की चौथीतली मुलगी पहिलीच्या पोरांना सांभाळते. गेल्या वर्षी पालकांनी शाळेला कुलूप ठोकलं, पेपरात फोटो आला, साहेब येऊन "लवकरच शिक्षक देतो" म्हणून गेले. मी त्या वस्तीपासून स्कूटीनं पंधरा मिनिटांवर राहते, पात्र आहे, रिकामी आहे आणि जायला तयार आहे.

रिकामी म्हणजे अगदी रिकामी नाही. एका इंग्लिश मीडियममध्ये जाते. सही करते एका आकड्यावर, हातात पडतो दुसरा, त्यातून सुट्टीचे कापतात. मे महिन्याचा पगार नाही, पण मे महिन्यात ॲडमिशनसाठी घरोघरी पत्रकं वाटायला आम्हीच.

आता त्यात भर म्हणून सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्या नोकरीतल्या शिक्षकांनीही टीईटी पास व्हायला हवं. दोन वर्षांची मुदत. तेव्हापासून नात्यातल्या ज्या ज्या सरांनी मला "अगं सोपी असते ती परीक्षा" असं ऐकवलं होतं, त्यांचे फोन येतायत. "तुझ्या नोट्स आहेत का गं? मानसशास्त्राच्या?" देते. सगळ्यांना देते. झेरॉक्सचे पैसे मात्र घेते.

तर पुढच्या लग्नात भेटलात की मुलं कशी आहेत विचारा, पाऊसपाणी विचारा. भरतीची चौकशी करायचीच असेल तर जिल्हा परिषदेत शिक्षण विभाग आहे, तिथे जा आणि टेबलावर हात ठेवून विचारा, तारीख सांगा म्हणून. मी विचारून आलेय. त्यांनी मला अर्ज द्यायला सांगितलाय. दोन प्रतींत.