जोडणी तुटली, पुन्हा जोडत आहे…

दूरच्या सर्व्हरवर काम करायचे म्हटले की माझ्या कपाळावर आठ्या पडतात, कारण कोडची पहिली ओळ लिहिण्यापूर्वीचा अर्धा तास एडिटरच्या मिनतवाऱ्या करण्यातच जातो. हल्लीचे एडिटर एसएसएचवरून, म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करण्याच्या पद्धतीने, जोडले जाताना आपला निम्मा भाग सर्व्हरवर उतरवतात, आणि मी वापरतो त्या एडिटरच्या या भागाला जीलिबसी या लिनक्सच्या मूलभूत लायब्ररीची २.२८ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. माझ्या वाट्याला आलेल्या सर्व्हरवर मात्र सेंटओएस ७ ही जुनी लिनक्स प्रणाली आहे, त्यात जीलिबसी २.१७ आहे आणि ती बदलण्याचा अधिकार मला नाही. एडिटरने रात्री परस्पर नवी आवृत्ती घेतली, की काल सुरळीत चाललेले काम आज सकाळी ठप्प होते. मला न विचारता हे का घडावे?

जोडणी झालीच, तरी सुटका नाही. नेटवर्क क्षणभर डळमळले की टर्मिनलमध्ये टाइप केलेले अक्षर पडद्यावर उमटत नाही, आणि टीमक्सशिवाय, म्हणजे जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या साधनाशिवाय, सुरू केलेली तीन तासांची चाचणी टर्मिनलबरोबरच संपते. मोठा प्रकल्प उघडला तर इनोटिफायची, म्हणजे फाइलींतल्या बदलांवर नजर ठेवणाऱ्या लिनक्सच्या सोयीची, मर्यादा संपल्याची सूचना येते, आणि ती वाढवायला पुन्हा रूटचा, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य प्रशासकाचा, अधिकार हवा.

यावर सहकाऱ्यांचे ठरलेले उत्तर असते, ‘व्हिम वापर ना!’ १९९१ सालापासूनचा, टर्मिनलमध्येच चालणारा व्हिम हा एडिटर बहुतेक सर्व्हरांवर सापडतो हे मान्य, मी तो वापरतोही. पण डीबगरसकट (कोडमधल्या चुका शोधायच्या साधनासकट) त्याची घडी बसवायला लागणारी सगळी जुळवाजुळव प्रत्येक नव्या सर्व्हरवर नव्याने कोणी करायची?