मालक पाच, पेशंट एक

सोसायटीच्या ग्रुपवर आज एका महाशयांनी टाकलंय, ‘फुकट मिळतं म्हणून लोक सरकारी दवाखान्यात गर्दी करतात.’ सकाळपासून डोकं फिरलंय.

फुकट? आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींच्या नवऱ्याला गेल्या पावसाळ्यात डेंग्यू झाला. एका सरकारी दवाखान्याने दुसऱ्याकडे धाडलं. तिथे पुन्हा केसपेपर, पुन्हा रांग, पुन्हा रक्त. आधीचा रिपोर्ट चालत नाही म्हणे! प्लेटलेट्स रोज बघाव्या लागतात, ठीक आहे. पण डेंग्यू आहे की नाही, हेसुद्धा पहिल्यापासून?

कारण काय, तर मालक वेगळे. आमच्या पुण्यातलं ससून रुग्णालय राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याचं. औंधचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याचं. कमला नेहरू, नायडू ही रुग्णालयं पुणे महापालिकेची, वायसीएम (यशवंतराव चव्हाण रुग्णालय) पिंपरी-चिंचवड महापालिकेचं, शिवाय कॅन्टोन्मेंटचं पटेल रुग्णालय आहेच. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याने आपल्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क केले. छान केलं. पण ससून त्या खात्यात येतच नाही! मावशींनी नवऱ्याचा ताप बघायचा की खातं?

ससून १८६७ सालचं, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं. १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींना तिथे आणलं आणि कर्नल मॅडॉकनी अपेंडिक्सचं ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली, तर कंदिलाच्या उजेडात पुरं केलं. सरकारचा कैदी, सरकारचाच सर्जन, पण आधी माणूस वाचवला. आणि मावशी मात्र हातात फाइल घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर.

मार्च २०२० मध्ये राज्यातले पहिले कोरोना पेशंट नायडूतच ठेवले होते ना? तेव्हा थाळ्या वाजवणारे आज गर्दीला नावं ठेवतात.

तिथल्या माणसांवर राग नाही हो. दुसऱ्या दवाखान्यात रात्रपाळीच्या सिस्टरने मावशींना स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली. मावशी अजून तिचं नाव काढतात. निवासी डॉक्टर म्हणजे आपल्या घरातल्यांएवढीच पोरं, डोळे तारवटलेली.

सगळं एकाच साहेबाच्या हाती दिलं तर तोही घोळ घालेल, मान्य. नका करू एक मालक. निदान एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला चालू द्या, आणि कुठे काय फुकट आहे ते दारावर मराठीत लिहा. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना मी पत्र देणार आहे. सही करायला कोण कोण येतंय, कमेंटमध्ये सांगा. नुसते अंगठे नकोत.