‘हवामान बदल म्हणजे ऊसबंदी’ या फिरत्या मेसेजला उत्तर

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या भागातल्या शेतकरी ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, पण भाषा आपल्याकडचीच आहे, म्हणून चटकन पटतो. सार एवढंच: केंद्राच्या कृषी धोरणात हवामान बदल घुसवायचा घाट घातलाय; तो साधला की ऊस बंद, युरिया बंद, फुकटची वीज बंद. पाऊस काय, पूर्वीही लहरीच होता. नुकसान झालं तर विमा आहेच. आणि दिल्लीत बसलेल्यांना आपल्या शिवारातलं काय कळतं? हा शेवटचा सवाल मला निम्मा मान्य आहे. बाकीचं एकेक करून बघू.

‘पाऊस पूर्वीही लहरीच होता, बहात्तर आठवा’

बहात्तरचा दुष्काळ कुणी नाकारत नाही. पण लहरी पावसालाही एक चाकोरी होती. रोहिणीत धूळपेरणी, मृगाची वाट, मग तरणा आणि म्हातारा पाऊस, असा हिशेब धरून बेळगाव-खानापूरकडचं भात उभं राहायचं. हा हिशेबच आता मोडतोय. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली हवामान बदलाचा आढावा प्रसिद्ध केला. १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला आणि ही घट गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात ठळक आहे, असं त्यात नोंदवलंय. पश्चिम घाट म्हणजे आपल्या घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय या नद्यांचा उगम. त्याच अहवालाप्रमाणे १९५१-८० च्या तुलनेत १९८१-२०११ मध्ये पावसाळ्यातल्या कोरड्या खंडांची वारंवारता २७ टक्क्यांनी वाढली.

आकडे नको असतील तर २०१९ आठवा. उन्हाळ्यात कृष्णेचं पात्र कोरडं, कोयनेतून पाणी सोडा म्हणून महाराष्ट्राकडे विनवण्या. आणि ऑगस्टमध्ये त्याच नदीकाठची गावं पाण्याखाली, माणसं छावण्यांत. दुष्काळ आणि पूर एकाच वर्षात, एकाच तालुक्यात. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा पूर. बहात्तर सालाशी याची तुलना कशी करायची, ते मेसेजवाल्यानेच सांगावं.

‘धोरणात हवामान आलं की ऊस बंद, युरिया बंद, श्रीलंकेचं काय झालं बघा’

सगळ्यात जास्त भीती या मुद्द्याने पसरली आहे, म्हणून यावर जरा थांबतो.

पहिली गोष्ट, हे काही नवं नाही. हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा ३० जून २००८ रोजी जाहीर झाला. त्यातल्या आठ अभियानांपैकी एक शाश्वत शेतीचं. ते २०१४-१५ पासून अंमलात आलं. भारतीय कृषी संशोधन परिषदेचा ‘निक्रा’ हा हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीचा प्रकल्प त्याआधी, २०११ पासून चालू आहे. इतक्या वर्षांत कुणाचा ऊस उपटला? उलट पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं लक्ष्य केंद्राने अलीकडे ओढून २०२५ वर आणलं, म्हणजे उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळवून दिलं. ऊसबंदीच करायची असती तर हे उलटं काम कशाला केलं असतं?

श्रीलंकेचं उदाहरण तर सरळसरळ दिशाभूल आहे. तिथे २०२१ मध्ये रासायनिक खताची आयात एका फटक्यात बंद केली, शेतकऱ्याला तयारीला हंगामसुद्धा दिला नाही, आणि त्याच नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. त्यामागे परकीय चलनाची टंचाईही होती. त्याला नियोजन म्हणत नाहीत, नियोजनाचा अभाव म्हणतात. आणि दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाची फुकट वीज हा कर्नाटक सरकारचा निर्णय आहे. तो बदलायचा की नाही, हे बेंगळुरात ठरेल.

आता मेसेज जे सांगत नाही ते. आपण ऊस लावतो तो हौसेने नाही. उसाला एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर आहे, दारात येणारी तोडणीची टोळी आहे, कारखाना आहे. बिल उशिरा का होईना, पण येतं. ज्वारी-तुरीला हमीभाव कागदावर असतो, खरेदी केंद्र मात्र वेळेवर उघडेल याची खात्री नाही. म्हणजे काय पेरायचं हे सरकारी धोरण आजही ठरवतंच आहे, फक्त पाण्याचा हिशेब न करता. अथणीच्या कोरड्या पूर्व भागात आणि दूधगंगा-वेदगंगेच्या पुराच्या पट्ट्यात एकच पीक, एकाच आशेवर उभं आहे. हवामान धोरणात आणायचं म्हणजे ठिबकला, पूर सोसणाऱ्या वाणांना आणि कोरडवाहू पिकांच्या खरेदीला तेवढंच पक्कं पाठबळ द्यायचं. ऊस तोडायला कुणी सांगत नाही. पर्याय तरी उभा करा, एवढंच म्हणणं आहे.

असं काम होतं तेव्हा ते कसं दिसतं, हे सोयाबीनवाल्यांना विचारा. आपल्याच जिल्ह्यातल्या उगार खुर्दचा परिसर सोयाबीनवरच्या तांबेरा रोगासाठी संशोधकांत प्रसिद्ध. ढगाळ हवा आणि पानं सतत ओली राहिली की हा रोग शिवारंच्या शिवारं पिवळी करतो. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने तांबेऱ्याला तोंड देणारा डीएसबी २१ हा वाण काढला. त्याने कुणावर बंदी आणली नाही, पिशवीतलं बियाणं तेवढं बदललं.

‘शेतीतून धूर निघत नाही, आम्ही का भोगायचं?’

देशाच्या एकूण हरितगृह वायूंत शेतीचा वाटा सुमारे १४ टक्के आहे, त्यात भात आणि जनावरं मोठी. तरी भारताने शेतीवर कपातीचं बंधन घेतलेलं नाही; २०२१ च्या मिथेन कपातीच्या जागतिक करारावरही सही केलेली नाही. इथे प्रश्न आपलं पीक वाचवण्याचा आहे. पुढे चला.

‘विमा आहे, भरपाई आहे’

पीक विमा असावाच. पण त्यातली एक अट किती जणांना ठाऊक आहे? शेतात पाणी तुंबून झालेलं भाताचं नुकसान ‘स्थानिक आपत्ती’तून २०१८ मध्ये वगळलं गेलं होतं. खानापूरच्या भातवाल्याला ज्याची सगळ्यात जास्त भीती, नेमकं तेच. ते खरीप २०२६ पासून पुन्हा घेतल्याचं केंद्राने जाहीर केलं. आठ वर्षं गेली. हवामानाचा विचार योजनेच्या मुळात असता तर ही कलमं अशी आत-बाहेर झाली नसती.

भरपाईची गत याहून वाईट. २०२३ मध्ये कर्नाटकातले २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले. राज्याने केंद्राकडे १८,१७१ कोटी मागितले, मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात जावं लागलं, आणि एप्रिलमध्ये सुमारे ३,४५४ कोटी सुटले. तोवर कर्जाचं व्याज थांबतं का? तेव्हा कोरडवाहूचा दर होता हेक्टरी ८,५०० रुपये, तोही दोन हेक्टरपर्यंतच. म्हणजे एकरी साडेतीन हजारसुद्धा नाहीत.

‘दिल्लीवाल्यांना आमच्या शिवारातलं काय कळतं?’

इथे मेसेज निम्मा बरोबर आहे. ‘निक्रा’च्या अभ्यासाने देशातले ५७३ ग्रामीण जिल्हे जोखमीप्रमाणे लावले. पण बेळगाव हा एक जिल्हा म्हणून मोजणं हीच अडचण. खानापूर डोंगरी पट्ट्यात, बेळगाव-हुक्केरी-चिकोडी संक्रमण पट्ट्यात, आणि अथणी-रायबाग-गोकाक-सौंदत्ती कोरड्या पट्ट्यात. खानापुरातल्या कणकुंबीकडे काही हजार मिलिमीटर पाऊस, अथणीत सहाशेच्या आसपास. याची सरासरी काढून केलेला आराखडा दोन्हीकडच्या शेतकऱ्याला निरुपयोगी. त्यात २०२४ च्या सुरुवातीला केंद्राने देशभरातली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद केली. धोरणात हवामान आणायच्या गोष्टी एकीकडे, आणि हवामानाचा सल्ला देणारी माणसं घरी. याचा जाब मागायला हवा.

पण म्हणून दिल्ली नकोच, हे चुकतं. आपली कृष्णा महाबळेश्वरातून येते, दूधगंगा-वेदगंगा कोल्हापुरातून. धरणातून कधी, किती सोडायचं हे एकटं बेंगळूर ठरवू शकत नाही, एकटी मुंबईही नाही. महाराष्ट्राने २०१८ पासून जागतिक बँकेच्या मदतीने हवामानानुकूल शेतीचा ‘पोकरा’ चालवला, तो मुख्यतः विदर्भ-मराठवाड्यात. कोल्हापूर-सांगली त्यात नव्हती. म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला एक हिशेब, खालच्या अंगाला दुसरा, आणि मधल्या सीमाभागाचा कुणाच्याच वहीत नाही. संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार करायला दोन्ही राज्यांच्या वरचं कुणीतरी लागतंच.

तेव्हा केंद्राकडे मागायचं ते हे: आराखडा जिल्ह्याचा नको, तालुक्याचा द्या. बंद केलेली हवामान केंद्रं उघडा. कृष्णेच्या पाण्याचा अंदाज दोन्ही राज्यांच्या शेतकऱ्याला एकाच वेळी मिळू दे. आणि रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कर्नाटकच्या कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रात, जो सल्ला कन्नडमध्ये लागतो, तो सीमाभागात मराठीतही लावा.