अँटिव्हायरसच्या आधी नोटिफिकेशनची यादी बघा

संगणकाच्या तक्रारींवरच्या एका लेखात म्हटलंय की संगणक विचित्र वागू लागला की सगळ्यात आधी अँटिव्हायरस चालवा. चालवा जरूर, पण घरोघरी दिसणारा एक त्रास त्यात बहुधा सापडतच नाही. उजवीकडे खाली ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस’ अशी चौकट येते, घरातली मोठी माणसं घाबरून तिच्यावरच क्लिक करतात. अनेकदा तो व्हायरस नसतो. कुठल्या तरी साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी देणारं ‘अलाउ’ दाबलं गेलेलं असतं. चौकटीतली बारीक अक्षरं वाचा, तिथे ब्राउझरचं नाव आणि साइटचा पत्ता असतो. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडून तो पत्ता काढला की चौकटी बंद. चौकटीत दिलेल्या नंबरवर फोन तर मुळीच करू नका.

ब्राउझरमध्ये शोधलेलं भलत्याच पानावर जात असेल तर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, तपासा. तरीही थांबलं नाही तर विंडोजमधली अ‍ॅप्सची यादी इन्स्टॉलच्या तारखेप्रमाणे लावा. फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर गुपचूप आलेली मंडळी त्याच तारखेला एका ओळीत दिसतात. ‘पीसी क्लीनर’, ‘ड्रायव्हर अपडेटर’ असली नावं तुम्ही स्वतः घातलेली नसतील तर बेधडक काढा.

आणखी एक, जे त्या लेखात यायलाच हवं होतं: विंडोज सिक्युरिटीत ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’खाली ‘पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग’, म्हणजे अशी नको असलेली अ‍ॅप्स अडवणारी सोय, असतं. ते चालू आहे का, आजच बघा. पैसे लागत नाहीत.